दुकानाच्या नावाचा जुना रंगीत रोल

अमेरिकेत एकेकाळी औषधांच्या दुकानातही कॅमेऱ्याचे रोल मिळत, आणि तेही दुकानाच्याच नावाचे. वॉलग्रीन्सचा, सीव्हीएसचा, कॉस्टकोचा 'कर्कलँड', इंग्लंडात बूट्सचा. नाव दुकानाचं, आतली फिल्म मात्र दुसऱ्याच कुणाच्या कारखान्यातली. २००५ साली ॲग्फाफोटोचं दिवाळं निघालं, २००६ मध्ये कोनिका मिनोल्टानं या धंद्यातून अंग काढून घेतलं, पुढे इटलीतल्या फेरानियाचंही उत्पादन थांबलं आणि हे स्वस्त रोल दिसेनासे झाले. न्यू जर्सीच्या एखाद्या मावशीच्या कपाटातून ते अजून निघतात. त्यांवर फोटो येतात, फक्त डबीवरचा आयएसओ खरा मानायचा नाही.

मावशी इकडे येताना रोल आणणार असेल तर तिला आधीच सांगून ठेवा: रोल चेक-इन बॅगेत टाकू नकोस, हातातल्या पिशवीत आण आणि एक्स-रेऐवजी हातानं तपासायची विनंती कर. विमानतळावरच्या सामानाच्या यंत्रांनी जुनी फिल्म आणखी काळवंडते.

आता डबी वाचा. 'प्रोसेस सी-४१' असं छापलेलं असलंच पाहिजे. कोडॅकनं १९७२ साली आणलेली ही पद्धत पुढे जवळजवळ सगळ्या रंगीत निगेटिव्हची झाली, म्हणून रोल कुणीही बनवलेला असो, रसायनं तीच चालतात. 'मेड इन इटली' असेल तर आतली फिल्म बहुधा फेरानियाची, जर्मनी असेल तर ॲग्फाची, जपान असेल तर फुजी किंवा कोनिकाची. सिएटल फिल्मवर्क्सचे रोल मात्र बाजूला काढा. त्यांतल्या बऱ्याच रोलांत सिनेमाची फिल्म असते आणि तिच्या पाठीला काजळीचा थर असतो. तो सुटला की टाकीतलं सगळं रसायन वाया.

मुदत संपल्याची तारीख खोक्यावर असते. दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश द्यायचा, हा जुना ठोकताळा आहे. २००५ साली संपलेला २०० आयएसओचा रोल आज ५० समजून वापरा. आपल्याकडे माळ्यावर उन्हाळे काढले असतील तर २५. फ्रीजमध्ये राहिला असेल तर १०० लाही बरा येईल. थोडा जास्त प्रकाश निगेटिव्ह मुकाट्यानं सोसते. कमी पडला की सावल्यांत दाणेदार, मातकट चिखल उरतो. वर्षं सरतात तसा फिल्मवर आपोआप धुरकटपणा चढतो आणि रंगांचे तीन थर सारख्या वेगानं म्हातारे होत नाहीत. म्हणून सावलीत कधी हिरवट, कधी जांभळट झाक येते. धुरकटपणावर मात करण्याइतकं दाट चित्र जास्त प्रकाशानंच मिळतं.

एकाच इमल्शन नंबरचे अनेक रोल हाती असतील तर एक बळी द्या. एकच दृश्य २००, १००, ५० आणि २५ वर घ्या, तेवढा रोल धुवा आणि बाकीच्यांसाठी आकडा ठरवा. आपोआप आयएसओ वाचणारा छोटा कॅमेरा असेल तर डबीवरचे चंदेरी चौकोन चिकटपट्टीनं झाका. असे बरेच कॅमेरे मग १०० धरतात, तरी माहितीपुस्तिका बघाच. फोटो सकाळच्या किंवा दुपारनंतरच्या उन्हात काढा. ट्यूबलाइटखालचं लग्न या रोलावर काढू नये.

आता धुणं. डेव्हलपर, ब्लिक्स (ब्लीच आणि फिक्सर एकत्र) आणि स्टॅबिलायझर असलेला सी-४१ चा घरगुती संच, झाकणाची टाकी, चेंजिंग बॅग, भरवशाचा थर्मामीटर आणि पाण्याचा टब एवढं पुरे. हातमोजे घाला, रंगीत डेव्हलपरनं त्वचेला ॲलर्जी होते. खिडकी उघडी ठेवा.

पंचवीस वर्षं गुंडाळून पडलेली फिल्म हट्टी असते, रिळावर चढताना मध्येच अडते. रीळ पूर्ण कोरडं हवं, फिल्मचे पुढचे कोपरे किंचित गोल कापा आणि जोर लावू नका. पावसाळी हवेत बॅगेत हाताला घाम सुटतो, तेव्हा हात बाहेर काढण्याआधी रोल बंद टाकीत ठेवा, मगच विसावा घ्या.

टबातलं पाणी ३९ अंशांवर ठेवा, बाटल्या त्यात तापू द्या. आधी टाकीत मिनिटभर ३८ अंशांचं साधं पाणी घाला; ते रंगीत होऊन बाहेर येईल, घाबरू नका. मग ३८ अंशांवर डेव्हलपर, सव्वातीन मिनिटं. इथे अर्ध्या अंशाचीही चूक नको. पहिली तीस सेकंदं सतत, पुढे दर अर्ध्या मिनिटाला टाकी चार वेळा उलटीसुलटी करा. तुमच्या संचाच्या कागदावर वेगळं तापमान किंवा वेगळा वेळ असेल तर तोच पाळा. जुना रोल म्हणून वेळ वाढवायचा मोह होतो. वाढवू नका, चित्राबरोबर धुरकटपणाही वाढतो. चलाखी कॅमेऱ्यात करायची, टाकीत नाही.

डेव्हलपर ओतून घेतल्यावर ब्लिक्स, साडेसहा ते आठ मिनिटं. इथे दोन-तीन अंश इकडेतिकडे चालतात. ब्लिक्सचा एक थेंबही डेव्हलपरच्या बाटलीत जाता कामा नये, म्हणून नरसाळी वेगळी. नंतर कोमट पाण्यानं तीन-चार मिनिटं धुवा.

शेवटी स्टॅबिलायझर, एक ते दीड मिनिट, आणि तो डिस्टिल्ड वॉटरमध्ये बनवलेला. बोअरच्या पाण्याचे डाग फिल्मवर कायमचे बसतात. जुन्या रोलांना फॉर्मलिनचा स्टॅबिलायझर लागतो, नाहीतर किरमिजी रंग हळूहळू उडतो. नव्या फिल्मसाठीच्या 'फायनल रिन्स'मध्ये फॉर्मलिन नसतो, त्यावर भागवू नका. फॉर्मलिनचा वास नाकात भरू देऊ नका. यानंतर पाण्यानं धुवायचं नाही, पंखा बंद करून बाथरूममध्ये टांगायचं.

वाळलेली फिल्म नेहमीपेक्षा गडद, विटकरी दिसेल. स्कॅन करताना लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग वेगवेगळे जुळवा, आणि त्यासाठी कडेची चित्र नसलेली पट्टी आधाराला घ्या. फोटोंतल्या मध्यम उजेडाच्या भागांत रंग सुधारतात, सावल्या मात्र पुरत्या सुधारत नाहीत.

वापरलेल्या ब्लिक्समध्ये चांदी असते. ते मोरीत ओतू नका, गावात चालू असलेल्या कलर लॅबला त्यांच्या टाकाऊ रसायनात घ्यायची विनंती करा. आणि उरलेले रोल हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, पण फार दिवस नको. दिवाळीच्या उन्हात संपवून टाका.