सणाचा हिशेब

मुलांनो, डिसेंबर महिना तुम्हांला खूप आवडतो, नाही का? शाळेला मोठी सुट्टी असते. गुलमोहर लाल फुलांनी बहरतो. बाजारात लिचीचे घोस दिसू लागतात. नाताळ येतो आणि मागोमाग नवे वर्ष येते. आपल्या मॉरिशसमध्ये सगळ्या धर्मांचे लोक नव्या वर्षाचे आनंदाने स्वागत करतात.

याच महिन्यात घरात जास्त पैसेही येतात. नोकरी करणाऱ्या माणसांना वर्षाच्या शेवटी सुमारे एका महिन्याच्या पगाराएवढा बोनस मिळतो. बोनस आला की दुकाने गजबजतात. नवे कपडे, मिठाई, खेळणी, फटाके, सगळेच घ्यावेसे वाटते.

पण डिसेंबरनंतर जानेवारी येतो. जानेवारीत आपली शाळा सुरू होते. सरकारी प्राथमिक शाळेत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. २००५ सालापासून विद्यार्थ्यांना बसचे भाडेही द्यावे लागत नाही. तरी गणवेश, बूट, दप्तर आणि वह्या विकत घ्याव्याच लागतात. शिवाय अनेक ठिकाणी डिसेंबरचा पगार नाताळच्या आधीच देतात. पुढचा पगार जानेवारीच्या अखेरीस मिळतो. मधले दिवस फार लांब वाटतात. बोनस सणातच संपला, तर बुटांसाठी पैसे कोठून आणायचे?

म्हणून खर्च करण्याआधी हिशेब मांडावा. येणारे पैसे आणि होणारा खर्च आधीच लिहून काढणे याला 'अंदाजपत्रक' म्हणतात. सरकार देशाचे अंदाजपत्रक करते. आपण घराचे करू या.

समजा, तुमच्या घरी २०,००० रुपये बोनस आला. आई, बाबा, आजी आणि तुम्ही दोघे भावंडे जेवणानंतर एकत्र बसलात. तुम्ही वही घेतलीत आणि प्रत्येकाने सांगितलेला खर्च लिहिलात :

शाळेचे सामान – ६,००० रुपये
नव्या वर्षाचे जेवण व मिठाई – ५,००० रुपये
नवे कपडे – ४,००० रुपये
घराला रंग – ३,००० रुपये
भेटवस्तू – २,००० रुपये
फटाके – १,५०० रुपये
समुद्रावरची सहल – १,५०० रुपये

आता बेरीज करा. किती झाली? २३,००० रुपये! म्हणजे ३,००० रुपये कमी पडतात. त्यातच आजी म्हणते, "अरे, वादळाचे दिवस आहेत. त्यासाठी काहीच ठेवले नाही का?"

आजीचे म्हणणे बरोबर आहे. आपल्या बेटावर नोव्हेंबरपासून चक्रीवादळांचा मोसम सुरू होतो. वादळात वीज जाते, दुकाने बंद राहतात. घरात मेणबत्त्या, विजेरी, पिण्याचे पाणी आणि टिकाऊ अन्न हवे. त्यासाठी १,००० रुपये बाजूला ठेवायचे ठरले. म्हणजे आता एकूण ४,००० रुपये वाचवायला हवेत.

कोणता खर्च कमी करता येईल? त्यासाठी प्रत्येक खर्चाला एक प्रश्न विचारा. ही गरज आहे की हौस? गरजेच्या वस्तूवाचून आपले अडते. हौसेच्या वस्तूवाचून अडत नाही, पण ती मिळाली तर आनंद होतो. हौस वाईट नाही. मात्र तिची पाळी गरजेनंतर येते.

शाळेचे सामान ही गरज आहे. ते तसेच राहू द्या. गणेशचतुर्थीला घेतलेले कपडे अजून चांगले आहेत. मग कपड्यांचे १,००० रुपये वाचले. बाबा म्हणाले, "यंदा फक्त पुढच्या खोलीला रंग देऊ. तोही आपणच लावू." आणखी १,००० वाचले. भेटकार्डे आणि कागदी फुले तुम्ही हाताने केलीत. भेटवस्तूंचे १,००० वाचले.

आता राहिले फटाके. ३१ डिसेंबरला मध्यरात्री सगळीकडे फटाके वाजतात, तेव्हा आपल्याही अंगणात वाजावेत असे वाटणारच. पण फटाका क्षणात विझतो आणि बूट वर्षभर पायांत राहतात. म्हणून १,५०० ऐवजी ५०० रुपयांचेच फटाके आणायचे ठरले. झाले की नाही ४,००० रुपये! जेवण तसेच राहिले आणि सहलही राहिली.

काही दुकानांत वस्तू हप्त्याने मिळते. तेव्हा नीट गणित करा. समजा, एका वस्तूची रोख किंमत १२,००० रुपये आहे. हप्त्याने घेतली तर दरमहा ६५० रुपये, असे २४ महिने द्यावे लागतात. ६५० ला २४ ने गुणा. १५,६०० रुपये होतात. म्हणजे ३,६०० रुपये जास्त गेले! शिवाय पुढच्या डिसेंबरातही मागचेच पैसे फेडत बसावे लागते. ऋण काढून सण करू नये, असे आपले वाडवडील म्हणत, ते याचसाठी.

मुलांनो, तुम्हीही मदत करू शकता. बाजारात दोन-तीन दुकानांत भाव विचारा. जुने दप्तर चांगले असेल तर धुऊन वापरा. खाऊच्या पैशांतून दर आठवड्याला १० रुपये डब्यात टाका. ४० आठवड्यांत ४०० रुपये जमतील. आई-बाबा एखाद्या वस्तूला 'नको' म्हणाले, तर रुसू नका. वही उघडा आणि त्यांच्याजवळ बसून हिशेब पाहा.

शब्दार्थ
मोसम – ठरावीक काळ, ऋतू
हप्ता – थोडी थोडी करून द्यायची रक्कम
ऋण – कर्ज
वाडवडील – पूर्वज

स्वाध्याय
१. जानेवारीत कोणकोणते खर्च येतात?
२. अंदाजपत्रक म्हणजे काय?
३. गरज की हौस ते सांगा : बूट, फटाके, मेणबत्त्या, खेळणे, वह्या.
४. वरील यादी नव्या आकड्यांनी पुन्हा लिहा. वादळासाठी ठेवलेले पैसे धरून बेरीज २०,००० रुपये होते का ते पाहा.
५. ऋण काढून सण का करू नये? चार वाक्ये लिहा.