निरोगी अर्भकांतील विषाणू : डॉ. महाराज किशन भान यांचे संशोधनकार्य

रोगाचा विषाणू शरीरात आढळावा, परंतु रोगाचे कोणतेही लक्षण दिसू नये, अशी घटना वैद्यकशास्त्राला अपरिचित नाही. मात्र अशा घटनेचा अर्थ लावून तो लोककल्याणाच्या कामी लावण्यास दीर्घ चिकाटी लागते. बालरोगतज्ज्ञ डॉ. महाराज किशन भान (१९४७–२०२०) यांचे संशोधनकार्य हे या चिकाटीचे उत्तम उदाहरण होय.

डॉ. भान यांचे वैद्यकीय शिक्षण पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात व त्यानंतर चंडीगढ येथे झाले. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत काम करीत असताना बालकांचा अतिसार हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय बनला. लहान मुलांच्या तीव्र अतिसारास कारणीभूत होणारा एक प्रमुख विषाणू १९७३ मध्ये मेलबर्न येथे डॉ. रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. त्याचा आकार चाकासारखा दिसतो. लॅटिन भाषेत चाकास ‘रोटा’ म्हणतात, म्हणून त्यास रोटाविषाणू हे नाव मिळाले. हा विषाणू लहान आतड्याच्या अस्तरातील पेशींवर हल्ला करतो. त्यामुळे जुलाब व उलट्या होऊन शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने कमी होतात आणि वेळीच उपचार न झाल्यास बालक दगावते.

१९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या या संस्थेतील नवजात अर्भकांच्या कक्षात एक विलक्षण गोष्ट आढळून आली. अनेक अर्भकांच्या विष्ठेत रोटाविषाणू होता, परंतु त्यांना अतिसार झालेला नव्हता. डॉ. भान आणि त्यांचे सहकारी एवढी नोंद करून थांबले नाहीत. ही मुले मोठी होत असताना त्यांच्या प्रकृतीवर त्यांनी लक्ष ठेवले. जन्मतः संसर्ग झालेल्या मुलांना पुढे रोटाविषाणूचा अतिसार इतरांपेक्षा कमी होतो, असे त्यांना दिसून आले. तो निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे अर्भकाच्या रोगप्रतिकारशक्तीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. नवजात बालक अगदीच निःशस्त्र नसते. गर्भावस्थेत वारेतून मातेची प्रतिपिंडे त्याच्या रक्तात येतात, तर चिकातून व अंगावरच्या दुधातून आलेली प्रतिपिंडे आतड्याचे रक्षण करतात. परंतु ही उसनी शक्ती कालांतराने ओसरते आणि बालकास स्वतःची शक्ती कमवावी लागते. सौम्य संसर्गातून शरीर हा धडा शिकते. लसीचे तत्त्व तरी याहून वेगळे काय आहे? दिल्लीत सापडलेल्या ‘११६ ई’ या विषाणूतील एक जनुक गाईंच्या रोटाविषाणूपासून आलेले आहे. तो निसर्गतःच सौम्य असल्याने लसीसाठी योग्य ठरला.

तरीही शोधापासून लसीपर्यंतचा मार्ग सुमारे तीन दशकांचा होता. हैदराबादच्या भारत बायोटेक या संस्थेने उत्पादनाची जबाबदारी घेतली. दिल्ली, पुणे परिसर व वेल्लोर येथे ६,७९९ बालकांवर व्यापक चाचणी झाली. तीव्र स्वरूपाच्या रोटाविषाणू-अतिसाराचे प्रमाण लसीमुळे निम्म्याहून अधिक घटते, असे तीत सिद्ध झाले. २०१४ मध्ये लसीस परवाना मिळाला आणि २०१६ मध्ये आंध्र प्रदेश, हरियाणा, हिमाचल प्रदेश व ओडिशा या चार राज्यांतून राष्ट्रीय लसीकरणात तिचा प्रवेश झाला.

या यशाची मर्यादाही स्पष्टपणे सांगणे अगत्याचे आहे. ही लस अतिसाराच्या सर्व कारणांवर उपाय नव्हे आणि रोटाविषाणूपासूनही ती पूर्ण संरक्षण देत नाही. डॉ. भान यांना याची जाणीव होती. म्हणूनच त्यांचे कार्य लसीपुरते सीमित राहिले नाही. अतिसारात जस्त दिल्याने लाभ होतो, हे दाखविणाऱ्या १९९५ च्या दिल्लीतील अभ्यासात त्यांचा सहभाग होता. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जलसंजीवनीच्या जोडीस जस्त देण्याची शिफारस केली.

या संशोधनाचे फळ घरोघर पोहोचविणे हे आता पालकांच्या व आरोग्यसेवकांच्या हाती आहे. बालकास ६, १० व १४ आठवड्यांच्या वयात ही लस तोंडावाटे द्यावी. वेळ टळू देऊ नये. लस देण्यापूर्वी वा नंतर अंगावरचे दूध थांबविण्याचे कारण नाही. जुलाब सुरू होताच जलसंजीवनी द्यावी, आरोग्यकेंद्राच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या सुरू कराव्यात व स्तनपान चालू ठेवावे. बालक मलूल झाले, त्याचे डोळे खोल गेले अथवा लघवी कमी झाली, तर क्षणाचाही विलंब न लावता त्यास रुग्णालयात न्यावे. प्रयोगशाळेत तीस वर्षे केलेले श्रम सार्थकी लागावयाचे, तर शेवटचे पाऊल घराच्या उंबरठ्यातूनच पडावे लागते.