सोमलाचें मोजमाप

दिलेल्या वचनास कोणी हरताळ फासला असें आपण सहज म्हणतों. पूर्वीं पोथी लिहितांना चूक झाली म्हणजे त्या अक्षरांवर पिवळा हरताळ फासून तीं झांकीत असत. हा हरताळ म्हणजे गंधक व आर्सेनिक यांचें संयुग होय. सोमल हें प्रसिद्ध विषही त्याच मूलद्रव्याचें. म्हणून ह्या लेखांत आपण त्यास सोमल हेंच ओळखीचें नांव देऊं. हरताळ डोळ्यांस दिसतो. परंतु पाण्यांत विरघळलेल्या सोमलास रंग नाहीं, वास नाहीं, चवही नाहीं. मग तो ओळखावा कसा?

हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा नाहीं. करडीहून पूर्वेकडे, गोंदिया जिल्हा ओलांडला म्हणजे छत्तीसगडांतील अंबागड चौकीचा मुलूख लागतो. तेथील कौडीकसा गांवच्या भूजलांत सोमल असल्याचें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. बंगालमध्यें तो नद्यांच्या गाळांतून पाण्यांत उतरतो. येथें तो प्राचीन खडकांतून आला. असें पाणी वर्षानुवर्षें पिणाऱ्यांच्या तळहातांची व तळपायांची त्वचा राठ होते, अंगावर काळे डाग पडतात, आणि पुढें कर्करोगाचेंही भय असतें.

जागतिक आरोग्य संघटनेनें पिण्याच्या पाण्यास घातलेली मर्यादा लिटरमागें १० मायक्रोग्रॅम आहे. एका ग्रॅमचे एक लक्ष भाग करावे. त्यांतील एकच भाग लिटरभर पाण्यांत! इतकें सूक्ष्म मोजण्याची वाट जेम्स मार्श ह्या इंग्रज रसायनज्ञानें १८३६ सालीं दाखविली. संशयित पदार्थांत जस्त व आम्ल घातलें म्हणजे सोमलाचा वायु निघतो. तो तापलेल्या काचनळींतून गेला कीं नळीस काळा चकचकीत थर बसतो. गांवोगांवच्या तपासणींत हाच वायु पाऱ्याच्या क्षारानें माखलेल्या कागदावर सोडतात. कागद पिवळा व मग तपकिरी होतो. प्रयोगशाळेंत सोमलाचे अणु प्रकाशाचा कोणता अंश किती शोषतात हें यंत्र मोजतें.

पाणी एक गोष्ट सांगतें, शरीर दुसरी. मूत्रांतील सोमल गेल्या कांहीं दिवसांचा हिशेब देतो. केस व नखें गेल्या कांहीं महिन्यांचा. केस महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून तो जणू रोजकीर्दच होय. परंतु ही कीर्द वाचतांना सावधगिरी हवी. त्याच पाण्यानें स्नान केल्यास केसांस बाहेरूनही सोमल चिकटतो. समुद्रांतील मासे खाल्ल्यास मूत्रांतील आंकडा वाढतो, जरी तो प्रकार बहुतेक निरुपद्रवी असतो. यासाठीं केस आधीं धुतात, आणि प्रत्येक वेळीं एक शुद्ध पाण्याचा व एक ज्ञात प्रमाणाचा नमुना बरोबर तपासतात. ज्या तराजूची परीक्षा झाली नाहीं, त्याच्या तोलावर विश्वास कोण ठेवील?

पालकांसही एक विनंति आहे. पाणी उकळल्यानें जंतु मरतात, सोमल जात नाहीं. उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें. पाणी निवळशंख आहे, वाडवडिलांपासून पीत आलों आहों, एवढ्यावर विसंबूं नये. एका विहिरींत सोमल असून शेजारचीच निर्मळ असूं शकते. म्हणून प्रत्येक विहीर व प्रत्येक बोअर निराळी तपासून घ्यावी. जेथें जीभ आणि डोळा दोन्ही फसतात, तेथें मोजमाप हाच खरा साक्षीदार.