अडसरांची शर्यत

शर्यत म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें सपाट मैदान व चुन्यानें आंखलेल्या रेघा येतात. परंतु धावण्याचा एक प्रकार असा आहे कीं, त्यांत वाट मुद्दाम अडवून ठेवलेली असते. स्टीपलचेस हें त्याचें नांव. पुरुषांची ही शर्यत ३००० मीटरची असून तींत ९१.४ सेंटिमीटर उंचीचे अडसर २८ वेळां व पाण्याच्या खड्ड्यापुढील अडसर ७ वेळां ओलांडावे लागतात. साध्या अडथळ्यांच्या शर्यतींतील चौकट पाय लागतांच आडवी होते. येथील अडसर जागचा हालत नाहीं, पडतो तो धावणारा.

ह्या कठीण शर्यतींत नांव मिळविणारे अविनाश साबळे ह्यांची उमेदवारी कशी झाली, हें आज आपण पाहूं. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील मांडवा ह्या गांवीं १३ सप्टेंबर १९९४ रोजीं त्यांचा जन्म झाला. आईवडील शेतकरी, वीटभट्टीवरहि त्यांनीं घाम गाळला. शाळा सुमारें ६ किलोमीटर दूर व वाहनाची सोय नाहीं. म्हणून हा मुलगा कधीं चालत, कधीं धावत शाळा गांठी. आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतहि पांदणीच्या चिखलांतून शाळेस येणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांस ही गोष्ट नवी वाटणार नाहीं.

बारावीची परीक्षा झाल्यावर साबळे सैन्यांतील महार रेजिमेंटमध्यें दाखल झाले. सियाचेनचा बर्फ व राजस्थानची वाळू ह्या दोहोंमध्यें त्यांनीं चाकरी केली. शर्यतींकडे ते वळले ते २०१५ सालीं, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या सुमारास. पुढें सैन्यांतील प्रशिक्षक अमरीश कुमार ह्यांनीं त्यांचा वेग हेरला व त्यांस स्टीपलचेसकडे वळविलें. त्या वेळीं साबळे ह्यांचें वजन बरेंच वाढलेलें होतें. तें त्यांनीं नेटानें उतरविलें. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या १२ व्या अध्यायांत ओझें टाकून धीरानें धावण्याचा उपदेश आहे. येथें तो अक्षरशः आचरणांत आला.

तरी यश लगेच पदरीं पडलें नाहीं. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांस त्यांस जातां आलें नाहीं. निराश होण्यास एवढें कारण पुरेसें होतें. परंतु त्याच वर्षीं सप्टेंबरांत भुवनेश्वर येथें त्यांनीं ८ मिनिटें २९.८० सेकंदांत शर्यत पुरी केली, आणि गोपाळ सैनी ह्यांचा १९८१ पासून टिकलेला ८ मिनिटें ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढील वर्षीं दोहा येथील जागतिक स्पर्धेच्या अंतिम शर्यतींत हीच वेळ ८ मिनिटें २१.३७ सेकंदांवर आली. तेथें त्यांचा क्रमांक तेरावा होता. पण कालच्या स्वतःस त्यांनीं आठ सेकंदांहून अधिक मागें टाकलें होतें!

१९९८ पासून २०१८ पर्यंत राष्ट्रकुल स्पर्धांतील ह्या शर्यतीचीं तिन्ही पदकें दर वेळीं केनियाकडे गेलीं. २०२२ सालीं बर्मिंगहॅम येथें साबळे ह्यांनीं ही परंपरा मोडून रौप्यपदक मिळविलें. सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदानें हुकलें. २०२३ सालीं हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धांत मात्र त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतींत ते अकरावे आले.

मुलींनीं ही वाट आपली नव्हे असें समजूं नये. सातारा जिल्ह्यांतील ललिता बाबर ह्यांनीं २०१६ सालीं रिओ ऑलिंपिकमध्यें ह्याच शर्यतीची अंतिम फेरी गांठून दहावा क्रमांक मिळविला.

ह्यावरून काय शिकावें? सर्वांनीं पदकें मिळवावींत असें आम्ही म्हणत नाहीं. तें शक्यहि नाहीं. परंतु उशिरा आरंभ झाला म्हणून हातपाय गाळूं नयेत, व दुसऱ्याच्या क्रमांकापेक्षां आपल्या कालच्या वेळेकडे अधिक लक्ष द्यावें, एवढें तरी प्रत्येकास साधेल. पालकांसहि आमची विनंती आहे कीं, सायंकाळीं तासभर मैदानावर गेलेला मुलगा वा मुलगी वायां गेली असें मानूं नये. अडसर सर्वांच्याच वाटेंत येतील. ते ओलांडण्याचें बळ ह्याच वयांत अंगीं बाणतें.