शिवडीचा चिखल आणि चुनखडीच्या गुहा

शिवडीच्या किनाऱ्यावर गेलात, तर दोन वस्तू घेऊन या : एक रिकामा शिंपला आणि काळ्या दगडाचा एक लहान तुकडा. किल्ल्याच्या भिंतीला मात्र हात लावू नका. रस्त्याकडेची काळी खडीही चालेल. दोन्ही वस्तू स्वच्छ धुऊन दोन वाट्यांत ठेवा आणि त्या बुडतील इतके व्हिनेगर ओता. शिंपल्यावर थोड्याच वेळात बारीक बुडबुडे दिसू लागतील. दगड मात्र जसाच्या तसा राहील. (दगडात पांढरे ठिपके असतील, तर त्यांवर बुडबुडे येण्याचा संभव असतो. म्हणून बिनठिपक्यांचा तुकडा निवडावा.)

शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडी ज्या द्रव्याची असते त्याच द्रव्याचा बनलेला असतो. आम्लाशी त्याची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. काळा दगड आहे बेसाल्ट. या एवढ्याशा फरकामुळे पृथ्वीवर दोन अगदी निराळे भूप्रदेश तयार झाले आहेत.

आधी चुनखडीचा प्रदेश पाहू. पावसाचे पाणी हवेतून व मातीतून जाताना कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडीच्या भेगांत शिरले, की खडक हळूहळू विरघळू लागतो. हजारो-लाखो वर्षांत भेगांची भुयारे आणि भुयारांच्या गुहा होतात. गुहेचे छत कोसळले, की जमिनीवर खोलगट खड्डे पडतात. वाहती नदी एकाएकी जमिनीत गडप होते आणि दूर कोठेतरी पुन्हा प्रकट होते. अशा भूप्रदेशाला ‘कार्स्ट’ म्हणतात. हे नाव युरोपातील स्लोव्हेनिया व इटली यांच्या सीमेवरील एका पठारावरून पडले. त्याच भागात, समुद्रापासून दूर, पोस्टोइना नावाचे एक लहान गाव आहे. तेथे पिवका नदी डोंगराच्या पोटात शिरते. तिने कोरलेल्या गुहा आणि त्यांत छतावरून लोंबणारे चुन्याचे सुळके पाहण्यासाठी देशोदेशीचे प्रवासी येतात. आपल्या देशातही आंध्र प्रदेशातील बेलम येथे तीन किलोमीटरांहून लांब गुहा आहे. मेघालयात तर याहून कितीतरी लांब गुहा सापडल्या आहेत.

शिवडीच्या टेकडीच्या पोटात अशी गुहा का नाही ? कारण मुंबईचा पाया ज्वालामुखीच्या खडकांचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या फार मोठ्या भागावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. त्यांचाच बेसाल्ट झाला. असा खडक चुनखडीसारखा विरघळून पोकळ होत नाही. म्हणूनच कान्हेरी आणि घारापुरी येथील लेणी माणसाला छिन्नी-हातोडीने खोदावी लागली. पोस्टोइनाची गुहा पाण्याने खोदली, घारापुरीचे लेणे माणसाने !

पण म्हणून बेसाल्टवर पाण्याचे काहीच चालत नाही, असे समजू नका. बेसाल्टमधील खनिजांवर पाण्याची सावकाश रासायनिक क्रिया होते. त्यांतील काही द्रव्ये विरघळून वाहून जातात, लोह गंजते आणि उरते ती चिकणमाती. थोडक्यात, चुनखडी विरघळते, तर बेसाल्ट कुजतो. पावसाळ्यात ही माती ओढ्या-नद्यांतून खाडीत येते. चिकणमातीचे कण दोन सहस्रांश मिलिमीटरहूनही बारीक असतात आणि गोड्या पाण्यात ते दीर्घकाळ तरंगत राहतात. खाऱ्या पाण्यात मात्र ते एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. भरती-ओहोटीचे पाणी तो गाळ पुढेमागे हलवते, आणि जेथे पाणी संथ असते तेथे तो साचतो. शिवडीचा चिखल असा साचलेला आहे. पोस्टोइनाला जशी गुहा, तसा शिवडीला हा चिखल : दोन्ही ठिकाणी कारागीर एकच, ते म्हणजे पाणी.

हा चिखल निर्जीव नाही. त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म शैवाले वाढतात. आत किडे, गोगलगाई, शिंपले राहतात. काठाला तिवरांची झाडे चिखलातून श्वसनमुळे वर काढून हवा घेतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्याअखेरपर्यंत येथे रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, उतरतात. मान खाली घालून आणि चोच उलटी धरून ते पाणी गाळतात. चोचीच्या कडांना असलेल्या बारीक पट्ट्यांत अन्न अडकते आणि पाणी बाहेर जाते. त्यांचा गुलाबी रंगही या अन्नातील रंगद्रव्यांतूनच येतो.

एवढे असूनही ‘नुसता चिखल’ म्हणून अशा जागेकडे दुर्लक्ष होते. १६८० साली इंग्रजांनी बांधलेल्या शिवडीच्या किल्ल्यावरून खाली पाहिले, तर खाडीवरून गेलेला सागरी सेतू दिसतो. तो जानेवारी २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. ठाणे खाडीचा उत्तरेकडील काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. शिवडीचा चिखल मात्र त्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे.

प्रदूषणाचा धोका दोन्ही प्रदेशांना आहे, पण निरनिराळ्या रीतीने. कार्स्ट प्रदेशात घाण पाणी भेगांतून न गाळताच थेट झऱ्यांत पोचते. आपल्याकडे चिकणमातीचे कण सांडपाण्यातील जड धातूंना धरून ठेवतात. तेथे विष चटकन पसरते, येथे ते साठून राहते. पुढे किड्यांतून ते पक्ष्यांपर्यंत जाऊ शकते.

आता पहिल्या प्रयोगातील शिंपल्याकडे पुन्हा पाहा. खडकांतून विरघळलेले कॅल्शियम पाण्याबरोबर समुद्रात जाते आणि शिंपल्यातील जीव तेच पाण्यातून घेऊन आपले कवच बांधतात. प्राचीन समुद्रांच्या तळाशी अशा असंख्य कवचांचे थर साचले आणि त्यांची चुनखडी झाली. तुमच्या वाटीत बुडबुडे सोडणारा शिंपला म्हणजे चुनखडीच्या डोंगराचा एक लहानसा कणच होय.

करून पाहा : दोन पेल्यांत सारखेच गढूळ पाणी घ्या. एकात चमचाभर मीठ टाकून ढवळा. दुसरेही तेवढेच ढवळा. कोणत्या पेल्यातील पाणी आधी निवळते ? वेळ लिहून ठेवा. मग शिवडीला जाताना भरतीचे वेळापत्रक पाहा. पूर्ण भरतीला चिखल बुडलेला असतो आणि पूर्ण ओहोटीला पक्षी दूर गेलेले असतात. म्हणून मधली वेळ निवडा आणि चिखलात न उतरता धक्क्यावरूनच पाहा.