पिल्लू माणसाळवायला किती खर्च येतो?

पिल्लू घरी यायचं ठरलं की टोपली, गादी, खेळणी आणि महागडं खाद्य यांची यादी होते. त्याला माणसांची, आवाजांची, रस्त्याची सवय लावणं त्या यादीत क्वचितच असतं. ‘मोठं झालं की ट्रेनर लावू’ असं म्हणून तो खर्च पुढे ढकलला जातो. पण ही सवय लागायचा काळ फार थोडा असतो. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन संशोधकांनी १९६५ साली कुत्र्यांच्या वर्तनावर पुस्तक लिहिलं. पिल्लाच्या वयाचा तिसरा ते साधारण बारावा आठवडा त्याच्या स्वभावासाठी निर्णायक असतो, हे त्यात मांडलेलं आहे. या काळात जे ओळखीचं होतं त्याला कुत्रा पुढे सहसा बुजत नाही. भारतात २०१७च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. म्हणजे ते तुमच्या हाती येतं तेव्हा साधारण चार आठवडेच उरलेले असतात.

पहिला खर्च लसीचा, आणि त्यात काटकसर नको. पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे रोगांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. पुण्या-मुंबईच्या खासगी दवाखान्यांत एकत्रित लसीच्या एका डोसाला साधारण ७०० ते १,२०० रुपये, रेबीजला २५० ते ५०० आणि जंताच्या औषधाला दर वेळी शंभराच्या आसपास पडतात. सगळं मिळून तीन ते साडेचार हजार धरून चाला. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय किंवा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने स्वस्त पडतात. मात्र सरकारी दवाखान्यात एकत्रित लस बरेचदा बाहेरून आणून द्यावी लागते. लस दोन ते आठ अंश तापमानातच टिकते. त्यामुळे ती बर्फातून आणा, बाटलीवरचं लेबल लसीच्या पुस्तकात चिकटवून घ्या आणि दुकानातून सुई आणून घरच्या घरी टोचू नका. पार्व्हो झाला तर सलाइन आणि दवाखान्याच्या फेऱ्यांतच दहा-वीस हजार सहज जातात, आणि तरी पिल्लू वाचेलच असं नसतं.

इथेच खरी अडचण येते. ‘सगळ्या लसी होईपर्यंत बाहेर काढू नका’ असं सांगितलं जातं, आणि लसी संपेपर्यंत पिल्लू चार महिन्यांचं झालेलं असतं. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेचं म्हणणं वेगळं आहे: पहिली लस आणि जंताचं औषध देऊन किमान सात दिवस झाले, की पिल्लांच्या वर्गाला सुरुवात करायला हरकत नाही. आपल्या गल्लीत भटकी कुत्री आहेत आणि पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो, म्हणून मधला रस्ता काढायचा. पिल्लाला बाहेर न्यायचं, पण जमिनीवर सोडायचं नाही. जुन्या ओढणीची झोळी करा किंवा सरळ कडेवर घ्या. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यापासून तर फारच जपा, कारण त्यातून लेप्टोस्पायरोसिस हा आजार होऊ शकतो.

या कामाचा सर्वांत मोलाचा भाग फुकट आहे. सोसायटीच्या गेटपाशी दहा मिनिटं बसा. वॉचमन, हेल्मेट घातलेला डिलिव्हरी देणारा मुलगा, काठी टेकत चाललेले आजोबा, गणवेशातली शाळकरी मुलं, कचऱ्याची गाडी, रिक्षाचा हॉर्न, भाजीवाल्याची हाळी, सगळं समोरून जातं. घरात कुकरची शिट्टी आणि मिक्सर असतोच. छत्री उघडून मिटा, रेनकोट घालून दाखवा. सोसायटी लिफ्टला मनाई करत असेल, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. पाळीव प्राण्यांना लिफ्ट बंद करता येत नाही, असं त्यात म्हटलेलं आहे. पुण्यात गणपतीआधी ढोल पथकांचा सराव सुरू होतो तेव्हा दूर अंतरावर उभं राहा. आवाज ऐकू येईल आणि पिल्लू तरीही हातातला खाऊ खाईल, इतकं दूर. दिवाळीच्या फटाक्यांचा आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावून जेवण घाला आणि काही दिवसांत हळूहळू वाढवा.

खाऊ म्हणजे उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे नखाएवढे तुकडे. आठवड्याला शंभर-दीडशे रुपये पुरतात. पिल्लाने खाऊ नाकारला, ओठ चाटले, पुन्हा पुन्हा जांभया दिल्या, शेपूट पायात घातलं, तर लगेच मागे फिरा. ‘होईल सवय’ म्हणून घाबरलेल्या पिल्लाला गर्दीत धरून ठेवलं तर सवय भीतीचीच लागते. पाहुण्यांनी त्याला या मांडीवरून त्या मांडीवर फिरवणंही थांबवा. पिल्लाला स्वतःहून जवळ येऊ द्या.

रस्त्यावरून आणलेल्या देशी पिल्लाचा प्रश्न निराळा असतो. रिक्षा, माणसं त्याने पाहिलेली असतात. गुळगुळीत फरशी, लिफ्टचं दार, बंद खोली यांनी ते भेदरतं. त्याच्यासाठी सराव घरातच जास्त करावा लागतो.

दुसऱ्या कुत्र्यांची ओळख हवीच, पण लसी झालेल्या, शांत, मोठ्या कुत्र्याशी, मित्राच्या घरी. डे-केअरला दिवसाला पाचशे ते हजार रुपये लागतात. लसी पूर्ण होईपर्यंत तिकडे आणि पेट कॅफेत जाऊ नका. पंजे, कान, तोंड, नखं रोज हाताळा. दवाखान्यात नुसतं वजन करायला न्या, खाऊ द्या आणि परत या. अनेक डॉक्टर याचे पैसे घेत नाहीत. हार्नेस आणि दोरी सहाशे ते हजारात येते.

आता ट्रेनर. पिल्लांचा गटवर्ग मिळाला तर चार-सहा सत्रांचे तीन ते आठ हजार हा मला सगळ्यांत सार्थकी लागणारा खर्च वाटतो, फक्त तिथे लसीचं पुस्तक तपासतात का आणि फरशी धुतात का, ते बघा. घरी येणारा ट्रेनर महिन्याला आठ ते वीस हजार घेतो. आपल्याकडे या कामाला सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे चौकशी तुम्हीच करायची. पिल्लू चुकलं तर तुम्ही काय करता, हा एकच प्रश्न विचारा. उत्तरात चोक चेन, चापट, ‘बॉस कोण ते दाखवणं’ आलं तर पैसे देऊ नका. महिनाभर ठेवून घेऊन शिकवून परत देणाऱ्यांकडेही या वयाचं पिल्लू सोपवू नका. त्याला तुमचा जिना, तुमची मुलं आणि तुमची गल्ली ओळखीची व्हायला हवी, आणि ते दुसऱ्याच्या आवारात होत नाही.

लसी धरून पहिल्या तीन महिन्यांचा हिशेब सहा-सात हजारांत बसतो, वर्ग लावला तर दहा ते पंधरा हजारांत. भेदरट मोठ्या कुत्र्याला सावरायला वर्तनतज्ज्ञाकडे एका बैठकीचे दीड ते तीन हजार जातात आणि बैठका महिनोन् महिने चालतात. त्याहून वाईट म्हणजे असं कुत्रं बाल्कनीत बांधलं जातं किंवा देऊन टाकलं जातं.

पिल्लू घरी आलं तेव्हाच चार-पाच महिन्यांचं असेल, तरी प्रयत्न सोडू नका. वेग कमी ठेवा आणि अंतर जास्त. आधी पशुवैद्यकांकडून कान, दात, सांधे तपासून घ्या, कारण दुखणाऱ्या जागेला हात लागला तरी कुत्रा गुरगुरतो. मग एका आठवड्यात एकच नवी गोष्ट.