एका लाकडी घराने शिकवलेलं

मी पेनसिल्व्हेनियात, बेथलेहेम गावाजवळ राहते. भारतातून पाहुणे आले की त्यांना चर्च स्ट्रीटवरच्या गेमाइनहाउसला आवर्जून नेते. हा प्रदेश इंग्रजांची वसाहत होता, तेव्हा 1741 मध्ये मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ते बांधायला घेतलं. तिथे वारंवार जाता जाता, जुनी धर्मवास्तू कशी बघावी याबद्दल काही गोष्टी मनाशी पक्क्या झाल्या.

1. आधी विचारा, इथे काय काय चालायचं?
चर्च म्हटलं की नजर मनोरा शोधते. या घराला मनोराच नाही. 1743 मध्ये ते पूर्ण झालं, तेव्हा प्रार्थना, राहणं आणि कामधंदा हे सगळं याच छपराखाली होतं. कातडी कमावणं आणि भजन म्हणणं ही इथल्या माणसांसाठी दोन वेगळी आयुष्यं नव्हती. हे कळलं की साधी खोलीही बोलू लागते.

2. दर्शनी भागावर थांबू नका.
बाहेरून दिसतात त्या फळ्या नंतर ठोकलेल्या आहेत. त्यांच्यामागे तासलेले ओंडके आहेत, टोकाला खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले. आल्याबरोबर, हाताशी होतं त्या जंगलातून या लोकांनी एवढं मोठं घर उभं केलं. त्यांच्या श्रद्धेचा अंदाज मला त्या सांध्यांवरून येतो.

3. एकटी इमारत बघू नका, शेजार बघा.
मोरावियन समाज वय आणि वैवाहिक स्थितीप्रमाणे गटागटाने राहायचा. 1744 मध्ये अविवाहित पुरुषांसाठी दगडी घर झालं. 1748 मध्ये ते त्याहून मोठ्या घरात गेले आणि जुनं घर अविवाहित स्त्रियांना मिळालं. 1751 मध्ये शेजारीच प्रार्थनेसाठी वेगळं चॅपल बांधलं गेलं. सुरुवातीची वीसेक वर्षं बहुतेकांनी मजुरी न घेता समाजासाठी काम केलं. 1762 मध्ये ती व्यवस्था संपली. आपल्या वाड्याला चौकाभोवती एकेक सोपा जोडला जावा, तसं हे गाव वाढलं. कुठली इमारत कशानंतर आली, हा क्रम लावला की समाज कसा बदलत गेला ते उलगडतं.

4. भिंतींइतकेच कागद महत्त्वाचे.
इथल्या माणसांनी आपापला जीवनवृत्तांत लिहिण्याची प्रथा पाळली. तो त्यांच्या अंत्यविधीत वाचला जाई. स्त्रियांनीही लिहिलं. अठराव्या शतकातल्या सामान्य बाईचं मन तिच्याच शब्दांत वाचायला मिळणं, ही केवढी दुर्मीळ गोष्ट! गावातल्या मोरावियन अभिलेखागारात असे वृत्तांत जपले आहेत. मला वाटतं, या वास्तूचा खरा गाभारा तिथे आहे.

5. दफनभूमीपर्यंत चाला, आणि अवघड प्रश्न टाळू नका.
इथल्या जुन्या दफनभूमीत सगळे दगड आडवे, जमिनीलगत आहेत. कुणाचाही दगड दुसऱ्यापेक्षा उंच नाही. युरोपीय, आफ्रिकी आणि मूळनिवासी माणसं शेजारी शेजारी विसावली आहेत. 1746 मध्ये वारलेला योहानेस हा मोहिकन माणूसही इथेच आहे. पण याच गावात काही आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून राबत होती. मरणानंतरची समता आणि जिवंतपणीची गुलामी, दोन्ही खरी आहेत. पाहुण्यांना मी दोन्ही सांगते. अर्धंच सांगितलं, तर त्या दगडांखालच्या माणसांशी ती प्रतारणा होईल.

6. वास्तू वापराने टिकते.
इथलं जुनं चॅपल अजून प्रार्थनेसाठी उघडतं आणि गेमाइनहाउसमध्ये संग्रहालय आहे. जुलै 2024 मध्ये नवी दिल्लीत जागतिक वारसा समितीची बैठक भरली. तिथे बेथलेहेम, जर्मनीतलं हेर्नहूट आणि उत्तर आयर्लंडमधलं ग्रेसहिल या मोरावियन वसाहतींना जागतिक वारशाचा मान मिळाला. डेन्मार्कचं क्रिस्टियान्सफेल्ड 2015 पासूनच यादीत होतं. हा सन्मान आपल्या राजधानीत जाहीर झाला, याचा मला फार आनंद झाला.

7. हेच डोळे घेऊन लेहला जा.
मोरावियन मिशनऱ्यांनी 1885 मध्ये लेहमध्येही काम सुरू केलं. लडाखला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी गोंपांसोबत तिथलं मोरावियन चर्चही बघावं. बांधकाम किती जुनं आहे, एवढंच विचारू नका. इथे कोण शिकलं, कुणी औषध दिलं, कोणती भाषा छापली गेली, हे तिथल्या माणसांना विचारा.